पन्नास घोड्यांची भीड

मोटारीच्या तारेभोवती मी टाँगटेस्टर अडकवला, तेव्हा शेडमध्ये कुणीच नव्हतं. जेवणाची सुट्टी झाली होती. लेथचे पट्टे रिकाम्या पुलीवर सरकवून ठेवलेले, लोखंड रंधून सपाट करणारा प्लॅनर थंड पडलेला, आणि कोपऱ्यातली मोठी मोटार मात्र सगळ्या मशीनांना पट्ट्यांनी फिरवणारा छताखालचा लांबलचक शाफ्ट एकटीच फिरवत बसलेली. टाँगटेस्टर म्हणजे चिमट्यासारखं यंत्र. तारेला धरलं की तारेतून किती करंट जातोय ते काटा दाखवतो. हे यंत्र मी पॉलिटेक्निकमधल्या माझ्या सरांकडून मागून आणलं होतं. काटा थांबला ती जागा मला पटेना, म्हणून यंत्र काढून पुन्हा लावलं. तेच. काम काडीचं नाही, आणि मोटार भरल्या कामावेळच्या निम्मा करंट ओढत होती.

"काय मोजाय लागलीस?"

मामंजी मागे येऊन उभे होते. माझे सासरे, आदगोंडा मगदूम. कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमची शेड होती. पंपाची, इंजिनाची ओतीव कवचं यायची, ती आम्ही लेथवर आणि प्लॅनरवर घासूनपुसून मापात आणून द्यायचो. माझ्या लग्नाला तेव्हा दोन वर्षं झाली होती. इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा झालेली सून म्हणून मामंजी चार लोकांत कौतुकानं सांगायचे, पण मला बसवलं होतं ऑफिसात. फोन घ्यायचे आणि आलेल्या मालाच्या पावत्या लावायच्या. माझे यजमान ऑर्डरी आणायला पुणे-मुंबई करायचे, त्यामुळे शेडमध्ये मामंजींचाच शब्द.

मी त्यांना काटा दाखवला. म्हटलं, "मामा, जेवणाच्या सुट्टीत तरी मोटार बंद ठेवूया. रिकामी फिरून नुसती वीज खातीय."

"ती बंद करायची न्हाई."

"पण का?"

"न्हाई म्हणून सांगितलं की," ते म्हणाले, आणि यंत्राकडे बोट करून, "ज्याचं हाय त्याला नेऊन दे," एवढं बोलून जेवायला गेले.

ती मोटार पन्नास घोड्यांची, म्हणजे पन्नास हॉर्सपॉवरची होती. आमच्या शेडला वीस घोडे भरपूर झाले असते. पण एक कापसाची जिनिंग मिल बंद पडली, तिचा लिलाव झाला आणि मामंजी ही मोटार घेऊन आले. ट्रक गल्लीत शिरला तेव्हा सगळ्या कारखान्यांतली माणसं हात पुसत बाहेर आली होती म्हणे. मोटारीला हार घातला, नारळ फोडला, पेढे वाटले. तेव्हापासून तिला चालू करायचा मान मामंजींचाच. स्टार्टरचा लोखंडी दांडा दुसऱ्या कुणी ओढलेला मी पाहिला नव्हता.

आणि त्याआधी घंटा व्हायची. शेडच्या दारात रेल्वेच्या रुळाचा एक तुकडा टांगलेला होता. सकाळी आमचा जुना कारागीर तातोबा त्यावर लोखंडी पहारीनं तीन ठोके द्यायचा. मग मामंजी दांडा ओढायचे, मोटार घुमायला लागायची आणि गल्लीतले सगळे दिवे मान टाकायचे. एवढी मोठी मोटार उठताना पहिल्या काही क्षणांत इतका करंट ओढते, की त्या ट्रान्सफॉर्मरवरच्या सगळ्यांचाच विजेचा दाब खाली बसतो. घंटा झाली की ज्याचं नाजूक काम चाललं असेल त्यानं हात उचलायचा आणि दिवे पुन्हा वर आले की कामाला लागायचं, अशी गल्लीची रीत होती. बाहेरून आलेल्याला त्याची गंमत वाटायची. मामंजींना अभिमान वाटायचा.

भिंतीला भिंत लागून दस्तगीर शिकलगार यांचं वर्कशॉप होतं. मी त्यांना चाचा म्हणायची. मामंजी आणि ते एकाच वेळी गल्लीत आलेले, एकाच भाड्याच्या खोलीत दोघांनी सुरुवात केलेली. चाकू-कात्र्यांना धार लावणाऱ्या घराण्यातला माणूस तो, पण आता डिझेल इंजिनाच्या नोझलच्या सुया बनवत होता. बोटाएवढी पोलादी सुई. ती ग्राइंडरच्या दगडावर अशी घासायची की तिच्या अंगावर केसाएवढाही वळ राहता कामा नये. राहिला तर इंजिनात डिझेल गळतं.

पुण्याच्या एका इंजिन कंपनीकडून त्यांना मोठं काम मिळायचं घाटत होतं. संध्याकाळी आमची शेड बंद झाल्यावर त्यांनी घासून पाठवलेले नमुने कंपनीला पसंत पडले. मग कंपनीचा माणूस आला, म्हणाला, आता दिवसा, रोजच्यासारखं काम चालू असताना, माझ्यासमोर घासून दाखवा. त्या दिवशीच्या निम्म्या सुया त्यानं बाजूला काढल्या. पुन्हा एकदा येतो म्हणाला, येत्या शनिवारी, पण ते शेवटचं.

हे मला चाचांनीच सांगितलं, मी त्यांच्याकडे मोजमापाची पट्टी परत द्यायला गेले होते तेव्हा. शनिवारी जमलं नाही तर ते वर्कशॉप मोडून हुबळीला मुलाकडे जाणार होते. ग्राइंडर न्यायला टेम्पोवाल्याशी बोलणंही झालं होतं. इथे नुसत्या धार लावण्याच्या कामावर आता भागत नव्हतं.

मी त्यांच्या ग्राइंडरजवळ उभी होते. वरचा बल्ब सारखा डोळा मिचकावत होता. त्या बल्बावरूनच मी सांगू शकत होते, आमचा प्लॅनर कधी पुढे जातोय आणि कधी उलटा फिरतोय ते. प्लॅनरचं ते जड टेबल दिशा बदलायचं तेव्हा मोटारीला हिसका बसायचा, आणि तिला हिसका बसला की इथे दगडाचा वेग पडायचा. सुईवर वळ उठत होता तो तिथे. सकाळी हात उचलता येत होता, पण दिवसभर किती वेळा उचलणार?

"चाचा, हे आमच्या मोटारीमुळं होतंय."

"ठाऊक हाय."

"मग मामांना सांगा की."

त्यांनी दगड थांबवला. हात पुसले. "हे बघ पोरी, आदगोंडाच्या कानावर ह्यातलं एक अक्षर जायचं न्हाई. तू शिकलेली हाईस, तुला कळलं. कळलं ते पोटात ठेव."

मी मान हलवली, पण मला राग आला होता. राग मामंजींचा. मोटारीच्या दिमाखापायी शेजारचा माणूस उठून चाललाय आणि ह्यांना खबर नाही. चाचांचं नाव न घेता मी दोन दिवस निरनिराळ्या वाटांनी प्रयत्न केला. मोटार अर्ध्या कामावर चालते तेव्हा ती लाइनवर उगाच भार टाकते, हे समजावलं. प्रत्येक मशीनला तिची तिची छोटी मोटार बसवली तर जे मशीन चालू तेवढीच वीज जाईल, हेही सांगितलं. कपॅसिटर बसवले तर दाब सुधारेल म्हटलं. मामंजींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ह्या सगळ्या मोटारी मिळून तरी पन्नास घोडे होतील काय?" होणार नाहीत म्हटल्यावर त्यांच्या लेखी विषय मिटला. जेवणाच्या सुट्टीचं पुन्हा काढलं, तर उठूनच गेले.

बुधवारी सकाळी मामंजी न्हाणीघरात घसरले. हाड मोडलं नव्हतं, पण उजवं मनगट सुजून वर आलं. सासूबाईंनी हळद-तुरटीचा लेप लावून हात गळ्यात बांधला आणि घरी पडून राहा म्हणून बजावलं. ते कसले ऐकतात. शेडवर आले. दांडा डाव्या हातानं हलवून पाहिला, हलला नाही. तो ओढायला खरोखरच ताकद लागायची.

"तातोबा, तू ओढ," ते शेवटी म्हणाले.

तातोबा बिचारा पागोटं नीट करून पुढे झाला. मामंजींनी त्याला दांडा कुठे धरायचा, कधी पुढे ढकलायचा हे तीनदा सांगितलं आणि मग म्हणाले, "मी बघत न्हाई बाबा. मी आपला दस्तगीरकडं जाऊन बसतो." सासूबाईंनी मला त्यांच्यावर नजर ठेवायला सांगितलं होतं, म्हणून मीही मागोमाग गेले.

चाचांनी त्यांना स्टूल दिलं, हाताकडे बघून हसले. "न्हाताना पडलास व्हय? म्हणून आम्ही जपून न्हातो. शुक्रवारचं शुक्रवारी."

"वासावरनं कळतंच की," मामंजी म्हणाले.

चहा सांगितला. रेडिओवर गाणं लागलं होतं. चाचा आणि त्यांचे दोन कारागीर सुया घासत होते. तेवढ्यात आमच्या दारात तीन ठोके पडले.

तिघांनी एकदम सुया दगडापासून मागे घेतल्या आणि हात वर धरले. समोरच्या दुकानात मोटारीच्या कॉइल गुंडाळणारी शेवंताबाई तार चिमटीत पकडून थांबली. तिच्या पलीकडे वेल्डर चष्मा कपाळावर चढवून उभा राहिला. मग भिंतीपलीकडे आमची मोटार घुमायला लागली आणि बल्बातला उजेड आटत आटत नुसती लाल तार उरली. रेडिओवरचा गाणारा खोल विहिरीत उतरत गेला. दगडांचा आवाज बसला. सगळी गल्ली हात वर करून उभी होती.

मामंजी स्टुलावर बसून हे बघत होते. मोटार ह्या गल्लीत आल्यापासून रोज ह्या वेळी ते दांड्यापाशी असायचे. भिंतीच्या ह्या बाजूला काय होतं ते त्यांनी कधी पाहिलंच नव्हतं, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

उजेड परत आला. सगळ्यांचे हात खाली आले. गाणारा वर आला. चाचा काही झालंच नाही अशा चेहऱ्यानं कामाला लागले. चहा आला, तो मामंजींनी डाव्या हातानं प्यायला. पण ते उठले नाहीत. पलीकडे प्लॅनर चालू झाला, आणि बल्ब मिचकायला लागला. मामंजी बल्बाकडे बघायचे, मग दगडाकडे, मग पुन्हा बल्बाकडे. थोड्या वेळानं त्यांनी ताटलीतली एक घासलेली सुई उचलली, डोळे मिटले आणि अंगठ्याच्या नखानं तिच्यावरून सावकाश रेघ ओढली. उभा जन्म लेथवर गेलेला माणूस तो. नख एका जागी अडलं.

"हे काय हाय?"

"दगड वाईट आलाय औंदा," चाचा म्हणाले.

मामंजींनी दुसरी सुई घेतली. तिसरी घेतली. चाचा मान वर करत नव्हते. मी दारात उभी होते.

जेवणाची सुट्टी झाली तरी मामंजी तिथेच होते. आमची मशीनं एकेक करून थांबल्याचं भिंतीतून कळत होतं. मोटारीची घरघर तेवढी राहिली. चाचांनी डबा सोडला आणि मामंजींच्या पुढे केला. चाचा वर्कशॉपला मांसाहाराचा डबा कधी आणायचे नाहीत, ते शाकाहारी मामंजींसाठी, हे मला माहीत होतं. भाकरी आणि मेथीची भाजी होती. मामंजींनी हात लावला नाही.

"दस्तगीर, आता सुट्टीत तुझं काम बरं होतं?"

"सकाळच्यापेक्षा बरं. प्लॅनर थांबलेला असतो न्हवं."

"आणि मी सुट्टीत मोटार बंद केली तर?"

"तर जेवण झाल्यावर परत लावणार. परत सगळ्या गल्लीनं हात वर करून उभं ऱ्हायचं." चाचांनी भाकरी मोडली. "म्हणून तर तू बंद करत न्हाईस. मला काय कळत न्हाई व्हय?"

मी मामंजींकडे बघतच राहिले. दिमाख, हट्ट, जुन्या माणसाची खोड, मी काय काय मनात धरलं होतं. हा माणूस शेजाऱ्यांना दिवसातून दोनदा त्रास नको म्हणून रोज भर दुपारी पन्नास घोडे रिकामे पळवत होता, आणि ते सांगायची त्याला लाज वाटत होती.

"शनिवारी कोण यायचाय तुझ्याकडं?" मामंजींनी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवून नाही म्हटलं.

"तिच्याकडं बघू नको. ती काय बोलली न्हाई. तुझ्या टेम्पोवाल्यानं काल मला विचारलं, आप्पा, शनिवारी कोणतरी येऊन गेला की पक्कं सांगतो म्हणालेत, पण दस्तगीरभाई हुबळीला कशापायी चालल्यात? मी म्हटलं, नातवंडांसाठी असंल." ते उठले. गळ्यातला हात सावरला. "मला वाटलं, जाणाराला इचारू कशाला. त्याला सांगायचं असतं तर सांगितलं असतं."

शनिवारच्या माणसाचं सगळं चाचांकडून काढून घेतल्यावर, संध्याकाळी मामंजींनी शेडमध्ये सगळ्यांना बोलावून सांगितलं की शनिवारी शेड बंद. आमचीही एक ऑर्डर त्याच आठवड्यात द्यायची होती. गिऱ्हाइकाला फोन लावून दोन दिवसांची मुदत मागायचं काम माझ्याकडे आलं. औद्योगिक वसाहतीची सुट्टी सोमवारी असायची, तेव्हा लाइटच नसायची. शनिवारी म्हणजे चालू दिवशी शेड बंद, हे कधी झालं नव्हतं.

तातोबानं विचारलं, "आप्पा, सण कुठला?"

"दस्तगीरचा," मामंजी म्हणाले.

शनिवारी सकाळी ते गल्लीत दारोदार फिरले. वेल्डरला म्हणाले, दुपारपर्यंत जरा थांब. तो म्हणाला, "आप्पा, तुमची मोटार गप्प असल्यावर माझ्या वेल्डिंगला कोण इचारतंय?" आजूबाजूचे हसले. मामंजीही हसले, पण कान लाल झाले होते. गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं आणि सगळे मिळून गप्प होते, हे त्यांना एकेका दारात कळत गेलं. शेवंताबाई तर म्हणाली, "आवं, घंटा झाली की मी पाठ ताणून घेते. तेवढाच इसावा." तिनं ते त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं की खरंच, कोण जाणे.

कंपनीचा माणूस आला. पातळ मिशीचा, न हसणारा. मामंजी आमच्या बंद शेडच्या पायरीवर बसून होते, आणि मी त्यांच्याशेजारी. आत जायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं. चाचांच्या दगडाचा आवाज येत होता, एका सुरात, कुठे न बसता. मामंजी मान खाली घालून तो ऐकत होते. आवाज थांबला की तेही श्वास धरायचे, आणि पुन्हा सुरू झाला की सोडायचे. ऊन पायरीवरून सरकत पार गटारापर्यंत गेलं.

तो माणूस बाहेर आला तेव्हा चाचा त्याच्या मागे होते. त्यानं जाताना चाचांचा हात हातात घेतला. आम्हाला तेवढं पुरलं.

तो रिक्षात बसून गेल्यावर चाचा येऊन पायरीवर बसले. मग मामंजी म्हणाले, "एवढी वर्षं बोलला न्हाईस."

"बोललो असतो तर तू त्याच दिवशी पट्टा उतरवला असतास, आणि हातानं लेथ फिरवत बसला असतास. तुझं डोकं मला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हणून हुबळीला जाणार होतास? न सांगता?"

"आणि तू मला न सांगता रोज दुपारी मोटार फिरवत ठेवलीस, ते?"

"ते येगळं."

"कसं येगळं?"

मामंजी माझ्याकडे वळले. "शालन, ते तुझं चिमट्याचं यंत्र परत दिलंस काय?"

दिलं नव्हतं. तसं सांगितलं.

"बरं केलंस. मंगळवारपास्नं ऑफिसात बसायचं न्हाई. शेडमध्ये यायचं. कुठल्या मशीनला किती घोडे लागतात ते मोजून मला सांग. मागं ती कपॅसिटरची काय भानगड सांगत होतीस, तीपण सांग. मी तेव्हा ऐकलं न्हाई."

"ऐकलं होतंत, मामा."

"ऐकलं होतं, पण पन्नास घोड्यांच्या आवाजात," ते म्हणाले.

हे सगळं जमायला पुढचा उन्हाळा उजाडला. एकेका मशीनला तिची तिची मोटार बसवली, प्लॅनरला सगळ्यांत शेवटी. स्टार्टरचं, कपॅसिटरचं काम मी उभं राहून करून घेतलं, आणि पहिल्यांदाच माझ्या हाताला ग्रीसचा वास लागला. छताखालचा शाफ्ट उतरवला तेव्हा शेड एकदम उंच झाल्यासारखी वाटली. मोठी मोटार एका ऊस गाळणाऱ्या गुऱ्हाळवाल्यानं नेली. तिला पन्नास घोड्यांचं काम मिळालं म्हणून मामंजींना समाधान वाटलं.

नव्या मोटारींवरचा पहिला दिवस मला आठवतो. सकाळ धावपळीत गेली. जेवणाची सुट्टी झाली, तातोबानं लेथ बंद केला, मग दुसरा, मग तिसरा, आणि शेवटी प्लॅनर. शेडमध्ये आवाज म्हणून उरला नाही. इतकी वर्षं त्या जागेनं दुपार अशी ऐकलीच नव्हती. पत्र्यावर चिमण्या नाचत होत्या त्या कळत होत्या. बाहेर नळावर कुणी तरी बादली ठेवली ती कळली. आणि भिंतीपलीकडे दस्तगीरचाचा डब्याचं झाकण उघडत होते, ते थेट कानाशी उघडल्यासारखं ऐकू आलं.

मामंजी जेवायला बसत होते ते तसेच थांबले. भिंतीकडे तोंड केलं आणि पन्नास घोड्यांवरून हाक मारायच्या सवयीनं पूर्ण ताकद लावून ओरडले, "दस्तगीर, जेवलास काय रं?"

मग भिंतीतून अगदी साध्या आवाजात उत्तर आलं.

"बोंबलू नको. ऐकू येतंय."